ऑटोबानवर क्रूझ आपोआप ६० वर येतो? काचेचं बिल बघा

जर्मनीच्या ऑटोबानवर (एक्सप्रेसवेवर) तुमचा क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, मध्येच ६० वर का येतो, ही तुमची पोस्ट वाचून माझेच जुने दिवस आठवले. १२० ला निवांत चाललेली गाडी शेजारच्या एक्झिटची ६० ची पाटी वाचून मंदावते, मागचा दिवे मारतो आणि शोरूमवाले म्हणतात, "सिस्टीम नॉर्मल आहे." हे वाक्य मी चार वेळा ऐकलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

गाडी कॅमेऱ्याने पाटी वाचून आणि नकाशा बघून लिमिट ठरवते, हे तुम्हाला माहीत असेलच. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. लिमिट ओलांडली की बीप करणारी यंत्रणा युरोपीय कायद्याची. ७ जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे आणि गाडी सुरू केली की पुन्हा चालू होणारच. त्यावरून शोरूमशी भांडू नका, घसा दुखेल फक्त. क्रूझने पाटी बघून स्वतः वेग बदलणं हा वेगळा पर्याय, मेनूत कुठेतरी आत दडलेला. माझ्या गाडीत तरी तो एकदा बंद केला की बंदच राहतो.

तोवर गाडी उगाच मंदावली तर बटणं शोधत बसू नका, अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबा. म्हणजे पाय कायम तिथेच तयार हवा. बायको विचारते, मग क्रूझ हवाय कशाला? उत्तर नाही माझ्याकडे.

आता माझी गोष्ट. तुमची गाडी नको तिथे मंदावते, माझी हवी तिथे मंदावली नाही. लिमिटच्या वर किती जायचं तो आकडा माझ्या गाडीत टाकता येतो. ऑटोबानवर सगळेच जरा पुढे असतात म्हणून मी +१० टाकला आणि विसरून गेलो. तो आकडा गावातही तसाच लागू होतो, हे डोक्यातच आलं नाही. स्टुटगार्टजवळच्या एका गावातून रात्री साडेअकराला येत होतो. पाटी ३० ची, खाली छोटी पांढरी पट्टी: २२ ते ६. दिवसा तिथे ५०. गाडीने ५० धरले, वर माझे १०. फ्लॅश! स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा जरा जास्तच दाखवतो, त्यामुळे मोजलेल्या वेगातून तीनची सूट वजा जाऊन २४ जास्त भरले. ११५ युरो दंड, २८.५० खर्च, शिवाय फ्लेन्सबुर्गच्या सरकारी चालक-नोंदवहीत गुन्ह्याचा एक पॉइंट, तो अडीच वर्षं राहतो.

वर मी शहाण्याने फॉर्मवर लिहून दिलं की गाडीने पाटी चुकीची वाचली. म्हणजे चालवत मी होतो आणि पाटी बघत नव्हतो, दोन्ही कबूल! (मी वकील नाही. दंडाचा आदेश हातात पडल्यापासून आक्षेपाला दोन आठवडे असतात, लिहिण्याआधी जाणकाराला विचारा.)

पण पैशांपेक्षा जास्त डोकं खाल्लं ते वर्कशॉपने. आधी हीच गाडी त्या गावात रात्री ३० दाखवायची, हे मी ओरडून सांगत होतो. दर वेळी टॅब्लेट जोडायचा, "एरर नाही" म्हणायचं आणि तपासणीचे पैसे लावायचे. काउंटरवरचा माणूस तर म्हणाला, "पाटी वाचतेय ना? मग झालं." चौथ्या खेपेला एका शिकाऊ पोराने सहज विचारलं, पुढची काच बदललीय का? बदलली होती. दगड लागला म्हणून, दोन महिन्यांपूर्वी, त्यांच्याचकडे! बिल काढलं: काच, रबर, गोंद, मजुरी. पाट्या वाचणारा कॅमेरा याच काचेमागे असतो, पण त्याच्या कॅलिब्रेशनची (काच बदलल्यावर तो पुन्हा अचूक जुळवण्याची) ओळच नाही. पोराने बिलावर बोट ठेवलं, तसा काउंटरवाला फोन घ्यायला आत गेला.

कॅलिब्रेशननंतर बराच फरक पडला. सगळा नाही. खालची पट्टी पावसात अजूनही कधी कधी सुटते, त्यामुळे तुमचंही दुखणं हेच असेल असं छातीठोक सांगत नाही. एक्झिटच्या पाटीने फसणं तर धडधाकट कॅमेऱ्यालाही होतं. काच बदलली नसेल तर नकाशा कधी अपडेट झालाय ते बघा, आणि आरशामागचा काचेचा तुकडा आतून पुसा. तिथे धूसर थर बसतो, वायपर पोचत नाही.

गाडी कोणती, काच बदललीय का, तेवढं सांगा. आणि त्या एक्झिटचा फोटो शेजारी बसलेल्याला काढायला लावा, तुम्ही नको.