शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत?

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होत असल्यामुळे, रत्नागिरीहून अमेरिकेत पदवीसाठी गेलेल्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला तेथील वैद्यकीय प्रवेशाची शिफारसपत्रे अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे; ती बाब अवघड मात्र नाही. प्रथम प्रत्येक महाविद्यालयाची अट वाचावी. अनेक ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि अन्य विषयाच्या एकाची पत्रे मागतात. एएमसीएएस या अर्जप्रणालीत 10 पत्रांची सोय आहे, पण केवळ तेवढ्यासाठी दहा जमवू नयेत.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मोठ्या नावाला भुलणे. विभागप्रमुखांनी ‘विद्यार्थी हुशार आहे’ एवढेच लिहिलेल्या पत्रापेक्षा, फसलेला प्रयोग तुम्ही पुन्हा कसा उभा केलात हे सांगणाऱ्या साध्या प्राध्यापकांचे पत्र कितीतरी मोलाचे ठरते. चिपळूणच्या ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तुम्ही सुट्टीत बसलात, त्यांचे पत्र जरूर घ्यावे, पण प्राध्यापकांच्या पत्रांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. आणि ते डॉक्टर तुमचे मामा असतील, तर मुळीच नको. आमदारांच्या लेटरहेडचे तर नावही काढू नये.

किमान सहा आठवडे आधी विचारावे, आणि विचारताना ‘माझ्याविषयी ठामपणे चांगले लिहिता येईल का?’ असे स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर देताना कोणी घुटमळले, तर आभार मानून दुसरे नाव शोधावे.