व्हिडिओ गेममध्ये अत्याचार सोसलेल्या पुरुष पात्रांना कसं दाखवतात?

बहुतेक वेळा त्यांचा भूतकाळ राग आणि सूडाचं भांडवल म्हणून वापरला जातो. त्या माणसाच्या जखमेपाशी थांबणारे गेम मोजकेच. 'ड्रॅगन एज २' (२०११) मधला फेनरिस हा पळून आलेला गुलाम घ्या. मालकाने त्याच्या कातडीत कोरलेल्या लिरियमच्या (त्या जगातलं जादुई खनिज) खुणा हीच त्याची लढण्याची ताकद. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मात्र पुढे जातो. त्यातल्या ॲस्टेरियन या रक्तपिपासू व्हॅम्पायरला त्याचा मालक कॅझाडोरने दोनशे वर्षं गुलाम ठेवलेलं असतं, लोकांना भुरळ घालून शिकार आणायला लावलेलं असतं. पुढे आराज नावाची बाई गळ घालते: याने मला चावावं, बदल्यात ताकद कायमची वाढवणारं औषध देते. त्याला ते नको असतं. खेळाडू म्हणून आपण त्याच्यावर दबाव आणू शकतो, पण तो दुखावतो. त्याचा नकार मानला तर नंतर मनापासून आभार मानतो. औषधाचा मोह खेळाडूलाच पडतो, खरी गोम इथेच आहे (आणि पुष्कळांना पडतोच!). अर्थात, हे निरीक्षण मोठ्या कथाप्रधान आरपीजींबद्दल (रोल-प्लेइंग गेम, ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) आहे. छोट्या गेममध्ये चित्र वेगळं दिसतं: 'पापो अँड यो' (२०१२) दिग्दर्शकाच्या स्वतःच्या दारुड्या वडिलांवरून सुचलेला आहे आणि त्यातला मुलगा सूड घेत नाही.