तांब्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त का येते?

शंका रास्त आहे. तुम्ही १०० ग्रॅम तांब्याचा तुकडा दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात तापवला, १५० ग्रॅम पाण्यात सोडला, पाणी २५.० वरून २९.८ अंशांवर गेलं आणि विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, निघाली ०.४३ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस. तक्त्यात आहे ०.३८५. उष्णता हवेत गेली असती तर उत्तर कमी आलं असतं, मग जास्त कसं, असं विचारलंय.

इथे ‘उष्णता वाया गेली’ हे नेहमीचं उत्तर चालणारच नाही. प्रयोगवहीत ते वाक्य डोळे मिटून लिहिलं जातं, पण चूक कुठल्या बाजूला झुकते हे कुणी बघत नाही.

आधी भांडं घेऊ. तुमचा कॅलरीमापी, म्हणजे ज्यात पाणी घेऊन उष्णता मोजली ते भांडं, तांब्याचा आहे, वजन ६० ग्रॅम, पण गणितात तो कुठेच दिसत नाही. पाण्याबरोबर तोही ४.८ अंशांनी तापला, म्हणजे ६० × ०.३८५ × ४.८, साधारण १११ ज्यूल त्याने घेतले. पाण्याने घेतले ३,०१४. दोन्ही मिळवून उत्तर येतं ०.४४५. दुरुस्ती केली आणि दुखणं वाढलं! म्हणजे खरा आरोपी दिसतो त्याहून मोठा आहे.

माझा संशय तुकड्याला चिकटून आलेल्या उकळत्या पाण्यावर. एक ग्रॅम पाणी जवळपास ११ ग्रॅम तांब्याइतकी उष्णता धरतं. तुमच्या मांडणीत दीड ग्रॅमहून थोडं कमी पाणी आत गेलं तरी हा सगळा फरक भरून निघतो, आणि ओला दोरा, त्याची गाठ, तुकड्याचा पृष्ठभाग मिळून तेवढं सहज येतं. पडताळा सोपा आहे: प्रयोग संपल्यावर भांडं, पाणी आणि तुकडा एकत्र तोला आणि सुरुवातीच्या वजनांच्या बेरजेशी ताडून बघा. जास्तीचं वजन हेच ते आगंतुक पाणी.

तुकडा पुसून टाकावा असं वाटेल, पण पुसण्यात तो निवतो आणि चूक उलट्या बाजूला जाते. त्यापेक्षा कोरडाच तापवा. मोठ्या परीक्षानळीत तुकडा ठेवा, तोंडाला कापसाचा बोळा लावा, नळी उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभी धरा. नळीतलं तापमान मोजा, १०० गृहीत धरू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. तुकडा थेट ज्योतीवर मात्र तापवू नका. पाण्यात टाकल्यावर चर्र आवाज आला की वाफ झालीच, आणि एक ग्रॅम वाफ सुमारे २,२६० ज्यूल घेऊन जाते. तुमच्या अख्ख्या प्रयोगातली उष्णताच तीन हजारांच्या घरात आहे.

आता तापमापी. त्यावर एकेक अंशाच्या खुणा असतील तर २९.८ मधला ०.८ हा अंदाजच. वाढ अवघी ४.८ अंशांची, तिथे अर्ध्या अंशाची चूक म्हणजे दहा टक्के. तुमच्या फरकातला काही भाग इथूनही आला असू शकतो. ०.१ अंशाची तापमापी मिळाली तर उत्तमच, पण फुकटचा उपाय म्हणजे पाणी कमी घ्या. अरुंद भांड्यात ६० ग्रॅम पाणी पुरतं, कारण १०० ग्रॅम तांबं जेमतेम ११ घन सेंटिमीटर जागा घेतं. तेवढ्या पाण्यात वाढ नऊ अंशांच्या आसपास येते. तुकडा पूर्ण बुडायला हवा, एवढंच बघा.

हवेत जाणाऱ्या उष्णतेसाठी पाणी खोलीच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश थंड घेऊन सुरुवात करायची जुनी युक्ती आहे. आधी आत आलेली उष्णता नंतर बाहेर जाणारीची भरपाई करते. पण ही भरपाई तंतोतंत होत नाही, कारण तांबं पडताच पाणी झरकन तापतं आणि निवतं मात्र सावकाश. म्हणून मला आलेख जास्त भरवशाचा वाटतो. तुकडा टाकण्याआधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपा, ढवळणी सतत चालू ठेवा. निवण्याची सरळ रेघ तुकडा टाकला त्या क्षणापर्यंत मागे ओढा. ती तिथे जे तापमान दाखवेल तेच अंतिम तापमान म्हणून गणितात घाला.