बाईक चालवताना हेल्मेटच्या आत इअरफोन लावून गाणी ऐकली तर चालतं का?

नाही, दोन्ही कानांत इअरफोन घालून गाणी ऐकत बाईक चालवू नका. खरी अडचण दंडाची नाही, वाऱ्याची आहे. ताशी 80 ते 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या आसपास जातो. त्यावर गाणं ऐकू यायचं तर आवाज आणखी वाढवावा लागतो, आणि 85 डेसिबलच्या पुढे तासन्‌तास ऐकलं की कान कायमचे बिघडू शकतात. त्यात नॉइज कॅन्सलिंगवाले बड्स नेमका खालच्या पट्टीतला आवाज खातात, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर. आरशात टपाचा रंग दिसेपर्यंत तो शेजारी आलेला असतो. सैल चेनची खडखडही मग कळत नाही. शिवाय घट्ट हेल्मेट घालताना बड निम्मा बाहेर सरकतो आणि लोक चालत्या गाडीवर हेल्मेटच्या आत बोट घालून तो नीट करत बसतात. हे तर गाण्यापेक्षा वाईट!

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातातला मोबाइल वापरणं स्पष्टपणे आलं; पहिल्यांदा सापडलात तर दंड 1000 ते 5000 रुपये. म्हणजे गाणं बदलायला फोन हातात घेतलात तरी अडकलात.

फक्त रस्ता सांगणारा आवाज हवा असेल तर हेल्मेटमध्ये बसणारे, कानाबाहेर राहणारे स्पीकर घ्या. मागचा हॉर्न सहज ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा, आणि फोनच्या नकाशावर जायचा रस्ता निघण्याआधीच लावून घ्या.