चाचणी म्हणते तिसरी, मुलगी आहे पाचवीत

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत पाचवीला शिकवते. यंदा शाळा उघडल्या उघडल्या सगळ्या वर्गांची इंग्रजी वाचनाची ऑनलाइन चाचणी झाली आणि प्रत्येक मुलाला एक आकडा मिळाला. माझ्या वर्गातली एक मुलगी वाचनाच्या तासाला सगळ्यात आधी हात वर करते, तिची पातळी ३.१ आली. एक मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, त्याची ७.४. आता शाळेचं म्हणणं असं की आकड्यांप्रमाणे तीन गट पाडा, ग्रंथालयातल्या पुस्तकांना तीन रंगांच्या पट्ट्या लावा आणि पालकसभेत आकडे सांगा. सभा तोंडावर आली आहे. काय करू?
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, सभा तोंडावर आहे म्हणून आधी तिचंच बोलू. आकडे सभेत सांगू नका. एकेका पालकाला बाजूला घेऊन सांगायचे असतील तर सांगा, पण त्याआधी त्या आकड्याचा अर्थ तुम्हाला स्वतःला पक्का माहीत हवा. ३.१ म्हणजे "हिला तिसरीचंच वाचता येतं" असं पालक ऐकतील, आणि घरी गेल्यावर त्या पोरीचं काय होईल ते मी सांगायला नको.

ही दशांशाची पद्धत अमेरिकन शाळांची. टिंबाच्या आधी इयत्ता, टिंबानंतर त्या इयत्तेचा महिना. ३.१ चा अर्थ इतकाच, की या चाचणीत तुमच्या विद्यार्थिनीनं जेवढं जमवलं तेवढं तिकडच्या तिसरीतल्या सरासरी मुलाला पहिल्या महिन्यात जमतं. त्या मुलाच्या ७.४ वरूनही सातवीचं इतिहासाचं पुस्तक त्याच्या हाती देता येत नाही. आणि ज्याच्याशी तुलना होते ते मूल घरीदारी इंग्रजी बोलणारं. आपली मुलं घरी मराठी, खाली खेळताना हिंदी आणि इंग्रजी फक्त घंटा वाजल्यापासून घंटा वाजेपर्यंत, तीही बाई बघत असतील तर. अशा आकड्यांचा लोक भलताच अर्थ लावतात, ही तक्रार माझी एकटीची नाही. इंटरनॅशनल रीडिंग असोसिएशन या शिक्षकांच्या संघटनेनं १९८१ मध्येच त्यांच्या गैरवापराविरुद्ध ठराव केला होता.

काही चाचण्या इयत्तेऐवजी ६५०, ८०० असे आकडे देतात. त्यातली सगळ्यात पसरलेली मोजपट्टी लेक्झाइलची. तिच्यात मुलालाही आकडा असतो आणि पुस्तकालाही. दोन्ही जुळले तर मुलाला मजकूर साधारण ७५ टक्के समजेल, असा त्याचा हिशोब. म्हणून पुस्तक निवडताना मुलाच्या आकड्याच्या १०० खाली ते ५० वर एवढ्या पट्ट्यात शोधा, असं सांगतात. शोधायला हरकत नाही. पण पुस्तकाचा आकडा काढताना यंत्र मुख्यतः वाक्यांची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत, हे बघतं. गोष्ट कशाबद्दल आहे हे त्याच्या गावीही नसतं. वाक्यं छोटी आणि शब्द साधे असतील, तर मोठ्या माणसांच्या कादंबरीलाही तिसरी-चौथीच्या पुस्तकाचा आकडा मिळतो.

आता तुमच्या दोन मुलांकडे येऊ. यातल्या बहुतेक चाचण्या उत्तराप्रमाणे प्रश्न बदलतात. बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे थोड्या प्रश्नांत पातळी सापडते, हा त्यांचा खरा गुण आहे आणि तो मी नाकारत नाही. पण चार पर्यायांत डोळे मिटून टिचकी मारली तरी चारात एक उत्तर बरोबर येतं. दुसरीकडे, पहिल्याच उताऱ्याला बावरलेलं मूल खाली घसरलं की छोट्या चाचणीत त्याला वर यायला जागा उरत नाही. हौसेनं हात वर करणारी मुलं कधी कधी ऐकून छान उत्तरं देतात आणि एकट्यानं स्क्रीनवर वाचायला बसवलं की अडकतात. तुमच्या मुलीचं तसं असेल तर चाचणीनं खरंच कामाची गोष्ट पुढे आणली आहे. तसं नसेल तर तिला माऊसच चालवता आला नसेल, किंवा शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीकडे लक्ष असेल. आकड्यावरून या दोन्हींतला फरक कळत नाही.

वेळही चुकली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात. दोन महिने आंबे आणि कूलर यांत गेलेली मुलं पहिल्याच आठवड्यात संगणकापुढे बसवायची म्हणजे सुट्टीचीच परीक्षा. दोन-तीन आठवडे वर्ग चालू द्यावा, मग चाचणी घ्यावी.

आणि उतारे कशावर होते तेही एकदा पाहा. १९८८ मध्ये रेश्ट आणि लेस्ली या दोन अमेरिकन संशोधक बाईंनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि लाकडी खेळाडू वापरून तो सामना पुन्हा मांडून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या पोरांना बेसबॉल, बर्फातला माणूस आणि थँक्सगिव्हिंगची टर्की यांवरचे उतारे देऊन आपण त्यांचं "वाचन" मोजतो. उलट, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालातून पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक कशी निघते, बडग्यांचे पुतळे कोणाकोणाच्या नावाचे करतात, यावर तेवढ्याच अवघड इंग्रजीत उतारा द्या. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं एकदम वर सरकतील, आणि अमेरिकेतलं सरासरी मूल पहिल्या ओळीतच गार होईल.

सभेपर्यंत एवढं करा. वर्गातल्या सगळ्यांना वेळ मिळणार नाही. ज्यांचा आकडा तुमच्या अनुभवाशी जुळत नाही, तेवढीच मुलं निवडा. अशी पाच-सहा असतील. प्रत्येकाला दहा मिनिटं शेजारी बसवा. न वाचलेल्या पुस्तकातले शंभर शब्द मोठ्यानं वाचायला द्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर चुका टिपत जा. मुलानं स्वतःहून सुधारलं तर ती चूक धरायची नाही. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी ही टिपण्याची रीत रूढ केली, आणि तो नियम त्यांचाच. पाचपर्यंत चुका झाल्या तर पुस्तक त्याला एकट्याला झेपतं. सहा ते दहा झाल्या तर तुमच्या मदतीनं झेपेल. दहाच्या वर गेल्या तर आज ते बाजूला ठेवा. मग पुस्तक मिटून विचारा, "काय झालं ते सांग." मराठीत सांगितलं तरी चालेल. समजलं का हे बघायचंय, इंग्रजी बोलता येतं का हे नाही.

माझा अंदाज, ७.४ वाला पोरगा चांगलं वाचतो आणि त्याला कंटाळा येतो. अंदाजच आहे. पण तुम्ही त्याला काय वाचायला आवडतं हे विचारलं नसेल, तर विचारा.

गट पाडायला माझी ना नाही. फक्त ते महिन्याभरात मोडता आले पाहिजेत, आणि कोणाला काय अडतं यावरून पाडा. एकाला शब्दच वाचता येत नाहीत, दुसरा फाडफाड वाचतो आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. चाचणीत दोघांचा आकडा एकच येऊ शकतो. त्यांना एका टेबलावर बसवून उपयोग काय?

रंगीत पट्ट्या मात्र लावू देऊ नका. इंग्रजी पुस्तकांच्या ए ते झेड पातळ्या ज्यांनी बनवल्या, त्या आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल या बाईंनीच पुढे जाहीरपणे सांगितलं की पातळी हे शिक्षकाचं हत्यार आहे, मुलाच्या कपाळावर चिकटवायची चिठ्ठी नव्हे. ग्रंथालयात पट्टी लागली की मुलगी गोष्ट शोधत नाही, स्वतःचा रंग शोधते. लाल रंगाचं पुस्तक घेऊन मैत्रिणींसमोरून जायला लाज वाटली की ती ग्रंथालयातच येत नाही. मुख्याध्यापिकांना सरळ "नाही" म्हणण्यापेक्षा सांगा, की आकडा वापरते, पण पहिली दोन-तीन पुस्तकं निवडण्यापुरता. त्यानंतरची निवड माझ्या टिपणांवरून. अशा चाचणीला प्लेसमेंट, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते ठरवणारी चाचणी, म्हणतात ती त्यासाठीच.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. इंटरनेटवर फुकटच्या वाचनचाचण्या मिळतात, त्या मी त्याला सोडवायला देते. एका आठवड्यात एकदा दुसरी, एकदा पाचवी, एकदा चौथी असा निकाल आला. खरा कोणता मानायचा? शेवटी त्यांचा पैसे भरायचा कोर्सही येतो. घ्यावा का?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : एकही नाही आणि नको.

दहा-बारा प्रश्नांच्या चाचणीत दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली की अख्खी इयत्ता बदलते. त्यात तुम्ही खांद्यावरून डोकावत असाल तर निकाल तुमचाही आहे! ज्या चाचणीच्या शेवटी कोर्स विकायला ठेवला आहे, तिला तुमचं मूल मागे दिसण्यातच फायदा असतो, हेही ध्यानात घ्या. आणखी एक. निकाल दाखवण्याआधी मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, तुमचा फोन नंबर हे सगळं मागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची अशी माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं लिहिलं आहे. आपण मात्र निकालाच्या उत्सुकतेत स्वतःच सगळं भरून मोकळे होतो. तेवढ्या वेळात सीताबर्डीच्या फुटपाथवरून दोन जुनी पुस्तकं त्याला निवडू द्या.

प्रश्न : मी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. मराठी वाचनपातळी काढायची आहे. संगणक नाही, माझा मोबाईल आहे. ऑनलाइन काही मिळेल का? काही मुलं घरी गोंडी बोलतात, बाकीची आपली वऱ्हाडी.
— एक शिक्षक

उत्तर : सर, तुमच्याकडे नाही ती गोष्ट धरमपेठेतल्या ताईंकडे आहे आणि तरी त्या अडल्या आहेत, एवढं वर वाचलंच असेल.

इंग्रजीच्या चाचण्या मराठीला लावायच्या नाहीत, त्यांचं भाषांतर करूनही नाही. मराठीत "घरासमोरच्यांनासुद्धा" हा एक शब्द आहे, त्यामुळे शब्द मोजणारं यंत्र इथे गडबडतं. शिवाय आपली लिपी उच्चाराला बरीच धरून चालते. बाराखडी आणि जोडाक्षरं आली की मूल काहीही वाचून दाखवतं, अगदी ग्रामपंचायतीची नोटीससुद्धा, एक शब्द न समजता. म्हणून मराठीत मोठ्यानं वाचून घेण्याएवढंच नंतर विचारणंही महत्त्वाचं.

तुम्हाला उपयोगी पडेल ती प्रथम संस्थेच्या असर सर्वेक्षणातली चाचणी. खेड्यातल्या मुलांना वाचता किती येतं हे त्या सर्वेक्षणात बघतात. २००५ पासून ती देशभर गावोगावी वापरतात, मराठी नमुने इंटरनेटवर फुकट आहेत आणि एका कागदावर मावतात. मोबाईलवरून उतरवून तालुक्याला छापून घ्या, म्हणजे ऑनलाइनचं काम झालं. सुरुवात पहिलीच्या पातळीच्या चार ओळींच्या परिच्छेदापासून करायची. तो नीट आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. अडखळला तर पाच सोपे शब्द, त्यातले चार यायला हवेत. तेही नाही जमले तर अक्षरं. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. बाकीच्यांना तेवढा वेळ चित्रं काढायला बसवा आणि चाचणी व्हरांड्यात घ्या, नाहीतर मागच्या बाकावरचा पाठ करून येतो.

त्या कागदाची धाव दुसरीपर्यंतच आहे. तुमचा चौथीचा मुलगा गोष्ट घडाघडा वाचून गेला, तर त्याला आणखी किती येतं हे तिथे दिसणार नाही. त्याच्यासाठी स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, एक ते चार पातळ्यांची. मोबाईलवर तिसऱ्या पातळीचं उघडून द्या आणि शेजारी बसा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टांत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द दिले आहेत. त्यासाठी घड्याळ लावायचं तर लावा, पण मुलाच्या हातात देऊ नका. पोट्टे शर्यत लावतात आणि पूर्णविराम गिळतात.

वऱ्हाडीत सांगितलेलं उत्तर पूर्ण बरोबर धरा. "मंग तो काहून पळाला?" या प्रश्नाला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायची गरज नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलांचं थोडं वेगळं आहे. वाचायच्या आधी गोष्टीतले चार-पाच शब्द त्यांना येतात का, ते चित्र दाखवून विचारून घ्या. शब्दच ओळखीचा नसेल तर चूक वाचनाची धरायची नाही, तसं वहीत लिहा. वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलीला दोन्ही भाषा येत असतील तर तिला जवळ बसवा.

नोंदीसाठी साधी वही पुरेल. मुलाचं नाव, तारीख, कुठपर्यंत वाचलं, काय अडलं. "काय अडलं" या रकान्यात "कच्चा" असं लिहू नका. "रफार सोडतो", "जोडाक्षराशी थांबतो", "वाचतो पण सांगत नाही" असं लिहा, म्हणजे सोमवारी काय शिकवायचं ते तिथेच सापडतं. पोळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा त्याच मुलांना बसवा, पण कागद दुसरा घ्या. केंद्रप्रमुखांनी टक्केवारी मागितली तर त्याच वहीवरून काढून द्या.