दोन्हीकडे छापा, मग काटा कुठाय?

प्रश्न : आमचे आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत चांदीचं एक नाणं निघालं. एकीकडे फ्रेडरिक आठवा, दुसरीकडे ख्रिश्चन दहावा, साल १९१२. दोन्ही बाजूंना राजाचंच डोकं, म्हणून सराफ म्हणाले, खोटं असणार. पार काळं पडलंय. चिंचेने घासून पुन्हा दाखवू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, चिंच आमटीसाठी ठेवा.

हे डेन्मार्कचं दोन क्रोनरचं नाणं. १४ मे १९१२ ला राजा फ्रेडरिक आठवा हॅम्बुर्गमध्ये होता, तोही नाव बदलून. रात्री एकटाच फिरायला बाहेर पडला आणि रस्त्यात कोसळून गेला. हा राजा आहे हे आधी कुणाला कळलंच नाही! गादीवर मुलगा ख्रिश्चन आला. म्हणून नाण्यावर एकीकडे गेलेला बाप, दुसरीकडे आलेला मुलगा. १९०६ सालीही तिथे असंच दुहेरी नाणं निघालं होतं.

काटा हवाच असेल तर तो सराफांकडे आहे. वजन १५ ग्रॅम भरायला हवं, व्यास ३१ मिलिमीटर. चांदी ८० टंच, म्हणजे निव्वळ १२ ग्रॅम. आपला राणीछाप रुपया जवळपास ९२ टंचाचा. त्यापुढे ही चांदी हलकी वाटेल. पण डेन्मार्क आणि स्वीडनने १८७३ मध्ये आपल्या चलनाची, क्रोनची, सांगड सोन्याशी घातली, १८७५ मध्ये नॉर्वेही आला, आणि चांदी चिल्लरीपुरती उरली, म्हणून तिचा टंच कमी. भिंग असेल तर पत्त्यांवर असतं तसं इवलंसं बदाम शोधा. ती कोपनहेगनच्या टांकसाळीची खूण.

आता घासण्याचं. ऑस्कर राजाच्या रौप्यमहोत्सवाचं, १८९७ चं स्वीडिश दोन क्रोनरचं नाणं मी एकदा खाण्याच्या सोड्याने घासलं. लखलखलं! बायकोलाही आवडलं. नाणेवाल्याने भिंगाखाली धरलं तर राजाच्या गालावर बारीक ओरखड्यांची जाळी. ‘आता हे मोडीच्या भावात,’ म्हणाला आणि परत हातात ठेवलं. तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. संग्राहक त्याचेच पैसे मोजतात.

सराफ १२ ग्रॅमांचेच देतील, तेही घट धरून. त्यांना विकू नका. नाणं कडेने धरा, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आणि पेटीत आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, सापडली तर बोटीचं नाव पाकिटावर लिहा. मलाही कळवा.