शेडच्या आधी एक कागद

प्रश्न : माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. आमचं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, त्याआधी शाळा जिल्हा परिषदेची होती. पट चारशेच्या आसपास. तिसरीच्या दोन तुकड्या आहेत, पण ६४ मुलं एकाच खोलीत बसतात, कारण शेजारच्या खोलीचं छत खचलंय आणि तिला दोन वर्षं कुलूप आहे. मुख्याध्यापक म्हणतात, सरकारकडून पैसे आले की बघू. आम्ही पालक दोन-दोन हजार काढून पत्र्याची शेड घालायच्या विचारात आहोत. घालावी का?
— एक आई, पुणे

उत्तर : वर्गणी जरा थांबवा. आधी ती कुलपातली खोली कागदावर कशी आहे ते बघा.

दरवर्षी शाळा यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत आपली माहिती भरते. त्यात खोल्यांची स्थिती लिहायची असते : चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. आता माझाच गुन्हा सांगते. मुख्याध्यापिका असताना आमची एक खोली अशी गळायची, की पावसाळ्यात खिचडीची पातेली तिथे थेंबाखाली लावलेली असत. तरी मी 'चांगली' लिहिलं. मोठी दुरुस्ती लिहिली तर तपासणी येईल, खुलासे मागतील, ही भीती. पुढे नवी खोली मागितली तेव्हा उत्तर आलं : नोंदीप्रमाणे खोल्या पुरेशा आहेत. तीन पावसाळे गेले त्यात. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक मागून घ्या, कोणत्या स्थितीत किती खोल्या दाखवल्यात ते कळेल.

खोली खरंच धोकादायक असेल तर अभियंत्याचा लेखी अहवाल लागतो आणि मग तिचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून ती काढून टाकणं. ते होईपर्यंत ती कागदावर धडधाकट उभी असते, आणि उभ्या खोलीच्या जागी दुसरी कोण मंजूर करील? समाविष्ट गावांत आणखी एक मेख असते : जागा अजून ग्रामपंचायतीच्या नावावर, की जिल्हा परिषदेच्या, की महापालिकेच्या? उतारा काढून बघा. कित्येकदा फाइल पैशासाठी अडलेली नसते, ती याच्यासाठी अडलेली असते.

'सरकारकडून पैसे' म्हणजे काय, तेही ऐका. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान २५१ ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५ हजार. वीजबिल, खडू, स्वच्छता, नळदुरुस्ती यात ते संपतं. त्यातून खोली होत नाही. महापालिका शाळेची खोली महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होते आणि बांधतो तो भवन रचना विभाग. आमदार, खासदार निधीतूनही होते. नगरसेवकांच्या 'स' यादीतून, म्हणजे अंदाजपत्रकात त्यांनी सुचवलेल्या कामांतून, किरकोळ कामं निघतात. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, रंग आणि बाकं पटकन मिळतात. भिंतीवर कार्टून काढून जायला सगळे तयार असतात, स्लॅब घालायला कुणी येत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो, पट दोनशेच्या वर असेल तर चाळीसपर्यंत चालतात, पण ते प्रमाण शाळेच्या एकूण पटावर मोजतात. म्हणून तुमच्याकडे शिक्षक पुरेसे दिसतील आणि तरी ६४ मुलं एका खोलीत असतील. तुमचा मुद्दा पुढचा : त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आहे. अर्जात तेच लिहा.

अर्ज एकट्या आईचा नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. तीन वर्षांच्या त्या आराखड्यात पुढचा पट वर्गवार लिहायचा असतो. आसपास किती नवे टॉवर उभे राहतायत ते मोजा, वॉचमनला विचारा, किती फ्लॅट भरले. हा आकडा ठरावात घाला, ठराव इतिवृत्तात आणा आणि शिक्षण विभागाकडून पोहोच घ्या. हे दिवाळीच्या आत उरका. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्यानंतर लवकरच आकार घेतं.

शेड? एप्रिलात दुपारी पत्र्याखाली तिसरीची मुलं बसवून बघा, मग ठरवा. शिवाय विनापरवाना बांधलेलं कुणी पाडायला लावलं तर तुमचे दोन हजार गेलेच.

तोवर एका तुकडीसाठी मुख्याध्यापकांचं कार्यालय मागा. मी एक सहामाही माझं कार्यालय चौथी ब ला दिलं आणि टेबल व्हरांड्यात मांडलं. येणारा प्रत्येक साहेब विचारायचा, 'बाई, तुम्ही बाहेर का?' मग खोलीचा विषय मला काढावा लागत नसे.